ताकाहातांचे श्रेय ताकाहातांनाच द्या

आज सकाळी स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मधले एक दृश्य टाकून त्याखाली 'मियाझाकींची अजरामर कलाकृती' असे लिहिले आणि शेकडो लोकांनी त्यावर माना डोलावल्या. तो जपानी ॲनिमेशनपट मियाझाकींचा नव्हे, तर त्यांचे सहकारी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा आहे. १९४५च्या जूनमध्ये ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा बहिणीसह जळत्या शहरातून पळालेल्या नऊ वर्षांच्या मुलाने पुढे तो चित्रपट केला, आणि आपण तो खुशाल दुसऱ्याच्या नावावर जमा करून मोकळे होतो!

मागे मी आईला त्यांचा 'प्रिन्सेस कागुया' दाखवला होता. मेजवानीतून उठून कागुया बेभान पळत सुटते, अंगावरची उंची वस्त्रे एकेक करून मागे पडत जातात आणि चित्रातल्या रेषाही कोळशाने ओरबाडल्यासारख्या होतात, तिथे आईने मला चित्रपट थांबवायला लावला. "काढणाऱ्याचा हात काय तयार असेल रे!" तो हात शिंजी हाशिमोतो या ॲनिमेटरचा, दिग्दर्शक स्वतः चित्रे काढत नसत, असे सांगितल्यावर तिने विचारले, "मग त्यांनी केलं काय?"

आईच्या तोंडी हा प्रश्न निरागस होता. चित्रपटांवर अधिकारवाणीने लिहिणारे तो विचारतात तेव्हा मात्र संताप येतो. फ्रेंच साहित्य शिकलेला हा माणूस १९५९ साली तोएई या ॲनिमेशन कंपनीत आला तो चित्रकार म्हणून नव्हेच. १९६८चा त्यांचा पहिला चित्रपट वेळेत बसला नाही, पैशांतही बसला नाही, आणि तोएईने त्यांना पुन्हा चित्रपट दिला नाही. पुढे १९७४च्या 'हायडी' मालिकेसाठी ते सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंड पाहून आले, आणि विस्तवावर वितळणारे चीज किंवा गवताचा बिछाना यांसाठी मुलांच्या मालिकेत निवांत वेळ दिला गेला. त्या मालिकेची दृश्यरचना करणारे मियाझाकी तेव्हा त्यांच्याच दिग्दर्शनाखाली काम करत होते, हे त्या गृहस्थांना कोणी तरी सांगावे. 'कागुया'त तर त्यांनी संवाद आधी ध्वनिमुद्रित करून आवाजाबरहुकूम चेहरे रेखाटून घेतले. म्हणूनच कागुयाला वाढवणाऱ्या बांबूतोड्या म्हाताऱ्याचा आवाज देणारे ताकेओ चिई २०१२ मध्ये वारले, तरी २०१३ मध्ये आलेल्या चित्रपटात त्यांचा आवाज आहे.

ते संथ होते, खर्चिक होते, सहकाऱ्यांना पिळून काढत, हे मान्य. 'फायरफ्लाइज' तर काही दृश्ये रंगवायची राहिलेली असतानाच प्रदर्शित झाला. असो.

लिहिता लिहिता राग ओसरला आहे, कारण आईचे पुढचे बोलणे आठवले. चित्रपट संपल्यावर ती हसत म्हणाली, "माझ्या लग्नात मलाही शालू असाच टाकून पळावंसं वाटलं होतं." इतक्या वर्षांत हे तिने आम्हा कोणालाच सांगितले नव्हते. चौदा वर्षे एकही चित्रपट न आलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जपानी माणसाने ते तिच्याकडून वदवून घेतले. त्यांनी काय केले, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

ज्यांनी ताकाहातांचे काहीच पाहिले नसेल, त्यांनी 'फायरफ्लाइज'ऐवजी १९९१च्या 'ओन्ली यस्टर्डे'पासून सुरुवात करावी. त्यात तोक्योतली सत्तावीस वर्षांची ताएको करडईची फुले खुडायला यामागाताला जाते, इतकीच गोष्ट आहे. येत्या रविवारी मी तो आईला दाखवणार आहे. इंग्रजी उपशीर्षके मोठ्याने मराठीत सांगत बसावे लागेल, त्याला माझी तयारी आहे.