‘इंडिया’ची आद्याक्षरं आणि राणीछाप रुपया

ऑगस्ट तोंडावर आला की सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘इंडिया’ म्हणजे ‘इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट’, हे नाव इंग्रजांनी दिलं, त्याआधी आपल्याला असं नावच नव्हतं, ‘महाराष्ट्र’ हे नाव सरकारनं १९६० साली तयार केलं, आणि सांगलीचं नाव सहा गल्ल्यांवरून पडलं. मुलं हाच मजकूर १५ ऑगस्टच्या भाषणात पाठ करून म्हणतात आणि मोठी माणसं टाळ्या वाजवतात. म्हणून याला उत्तर देणं भाग आहे.

आद्याक्षरांचा मुद्दा खोडायला ग्रंथालयात जायची गरज नाही. बऱ्याच घरांत लक्ष्मीपूजनाला राणीछाप चांदीचा रुपया मांडतात, तो हातात घेऊन बघा. एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया राणी. उलट्या बाजूला वेलबुट्टीच्या आत इंग्रजीत ‘वन रुपी’, त्याखाली ‘इंडिया’ आणि त्याखाली साल. ते १८६२ असेल किंवा त्यानंतरचं, पण १९०१ च्या पुढचं नसेल. म्हणजे १९४७ चा ऑगस्ट उजाडायच्या कितीतरी आधी हे नाव लोकांच्या कनवटीला होतं. कंपनी सरकारची ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची, इंडियन नॅशनल काँग्रेस १८८५ ची, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया १९३५ ची. ज्या कायद्यानं स्वातंत्र्य मिळालं, त्याचंच नाव ‘इंडियन इंडिपेंडन्स ॲक्ट’ आणि तो मंजूर झाला १८ जुलैला. शिवाय त्याच कायद्यानं, त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्तानही झाला. मग ही फोड त्यालाही लागू पडायला हवी.

आद्याक्षरांतून घडलेलं नाव कसं असतं, हे तर पाकिस्तानकडेच बघून कळतं. चौधरी रहमत अली यांनी १९३३ साली एक पत्रक काढलं आणि पंजाब, अफगाणिया (म्हणजे वायव्य सरहद्द प्रांत), काश्मीर, सिंध आणि बलुचिस्तान यांची अक्षरं जुळवून ‘पाकस्तान’ हे नाव मांडलं. तिथं माणूस सापडतो, साल सापडतं, कागद सापडतो. ‘इंडिया’च्या फोडीमागे यातलं काहीच नाही. आपल्या घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये देशाच्या नावावर चांगलीच वादावादी झाली. हरि विष्णू कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली आणि ‘इंडिया, म्हणजेच भारत’ हे शब्द कायम राहिले. तो वाद दोन नावांतलं पुढं कुठलं यावं, याचा होता.

इंग्रजांनी नाव दिलं, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण जे श्रेय त्यांचं नाही ते आपण होऊन त्यांच्या पदरात टाकतो. नाव आहे सिंधू नदीचं. इराणचा सम्राट दारयवहू याच्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत त्याच्या ताब्यातल्या प्रांतांच्या यादीत ‘हिंदुश’ आहे. आपला ‘स’ तिकडे ‘ह’ होतो: सप्ताह आपला, हप्ता फारसीतून आलेला, दोन्हींच्या मुळाशी सातच. ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनिसनं आपल्या ग्रंथाला ‘इंडिका’ म्हटलं. सुरुवातीला हे नाव सिंधूकाठच्या मुलखापुरतं होतं. परके जसजसे आत आले, तसतसं ते पुऱ्या देशाला चिकटलं.

आता महाराष्ट्र. मिरजेहून गाडी काढून कर्नाटकात बदामीजवळच्या ऐहोळेला जा. तिथं टेकडीवर मेगुती नावाचं जैन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतीवर एकोणीस ओळींचा संस्कृत लेख कोरलेला आहे. लिहिणारा रविकीर्ती, साल इ.स. ६३४. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी हा तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा धनी झाला, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आकडा कवीनं फुगवला असं कुणी म्हणेल, म्हणू दे. नाव तर फुगवलेलं नाही. पुढं सज्जनगडावर अखेरची वर्षं काढलेल्या समर्थांनी ‘महाराष्ट्रधर्म’ म्हटलं. संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली १९४६ साली. नाव १९६० मध्ये जन्मलं असेल, तर त्याआधी शंभरावर माणसांनी हौतात्म्य पत्करलं ते कोणत्या नावासाठी? १ मे १९६० ला राज्य नवं झालं. नाव या मुलखाचं होतंच.

सहा गल्ल्यांची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतो आणि ती आवडीनं सांगितली जाते, याला माझी हरकत नाही. पण उच्चार जुळला म्हणजे पुरावा झाला, असं होत नाही. पुरावा कसा असतो ते कराडकरांना विचारा. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’च्या लोकांनी दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत, त्यालाही दोन हजार वर्षं उलटून गेली. अभ्यासक ते गाव म्हणजे आपलं कराड मानतात.

सांगलीच्या नावाबद्दल सांगण्याजोगी, कागदावर असलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती या मेसेजमध्ये नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. आपला जिल्हा तेव्हा ‘दक्षिण सातारा’ होता. त्याला ‘सांगली’ म्हणायला लागले १९६० पासून. मधल्या वर्षांत शाळा सोडलेल्यांच्या दाखल्यांवर ‘ता. तासगाव, जि. दक्षिण सातारा’ असंच लिहिलेलं असे. कुणाच्या घरी ट्रंकेत तसा दाखला असेल, तर नाव-गाव झाकून त्याचा फोटो ग्रुपवर टाका.