तीन दिवसांत मुरूम गायब? मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

गेल्या आठवड्यात बारावीतला एक मुलगा दुकानात आला, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, यात लिहिलेली ट्यूब द्या." मेसेज वाचला. हाच मजकूर थोड्याफार फरकाने माझ्या तीन ग्रुपवर फिरून गेलाय, म्हणजे तुमच्याकडेही आला असणार. थोडक्यात असा: मुरूम म्हणजे रक्तातली घाण. तेलकट बंद करा, सकाळी कडुनिंबाचा रस प्या. दिवसातून सात-आठदा साबणाने तोंड धुवा. रात्री लिंबू आणि टूथपेस्ट लावा. तरी राहिले तर अमुक ट्यूब आणा, तीन दिवसांत चेहरा साफ. डॉक्टरांच्या गोळ्या घेऊ नका, पुढे मूल होत नाही. आणि नाहीतरी लग्न झालं की मुरूम आपोआप जातात. खाली हात जोडलेले.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण यातल्या एकेका वाक्याची फळं काउंटरवर रोज बघतो, म्हणून लिहितोय.

पहिलं, रक्तातली घाण. रक्तात खरोखर घाण साचली असती तर तो मुलगा माझ्या दुकानात नाही, दवाखान्यात भरती असता. रक्त गाळायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलेली आहेत. मुरमांची गोष्ट घडते कातडीतच. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच बसतं. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा नेहमीचाच जिवाणू वाढतो, शरीर सूज आणून त्याला उत्तर देतं, आणि आपल्याला आरशात लाल पुटकुळी दिसते. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नाही. तो बुचातल्या मेलॅनिनचा, म्हणजे कातडीच्या रंगद्रव्याचा, आणि हवा लागून झालेल्या बदलाचा असतो.

म्हणूनच सात-आठदा तोंड धुण्याला अर्थ नाही. बूच आत आहे, साबण वरून फिरतो. सौम्य फेसवॉशने दोनदा आणि घाम आल्यावर एकदा, एवढं पुरतं. घासघासून धुणाऱ्यांचा चेहरा कोरडा आणि लालभडक होतो, मग औषध लावलं की आग आग होते आणि दोष औषधाला मिळतो.

खाण्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेजने चुकीच्या ताटाकडे बोट दाखवलंय. काल खाल्लेल्या वडापावचा आज मुरूम होत नाही. आज दिसणाऱ्या पुटकुळीचं बूच काही आठवड्यांपूर्वीच बसायला लागलेलं असतं. संशय जास्त आहे तो रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या पदार्थांवर: मैदा, कोल्ड्रिंक, गोड. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या चाचणीत १५ ते २५ वयाच्या मुलांनी असे पदार्थ १२ आठवडे कमी केल्यावर मुरूम कमी झालेले दिसले. काहींना दूध आणि जिममधली व्हे प्रोटीन पावडरही बाधते. जिमला जाणारी पोरं छातीवर-पाठीवर मुरूम घेऊन येतात तेव्हा मी आधी पावडरच्या डब्याबद्दल विचारतो.

लिंबाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास, निरोगी कातडीचा पाचच्या आसपास. रात्रभर हे चोळून वर टूथपेस्ट थापायची म्हणजे चेहरा भाजून घ्यायचा. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला मुरमापेक्षा त्यामागे राहणारा काळा डाग जास्त छळतो, आणि अशी आग झाली की डाग आणखी गडद होऊन महिनोन्‌महिने बसतो.

आता ती ट्यूब. या मेसेजमधलं खरं विष इथे आहे.

मुलाने दाखवलेली ट्यूब म्हणजे स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध यांची खिचडी. स्टिरॉइड सूज दाबतं, त्यामुळे तीन दिवसांत चेहरा साफ दिसतो हे खरंच आहे! मग आठवडे जातात. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, लव दाट होते आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस परत तीच घ्यायला येतो. एक ताई अशीच ट्यूब पावडर-क्रीमसारखी दोन वर्षं लावत होत्या; उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तरी चेहरा जळायचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सूट काढून घेतली. तरी ती सर्रास मिळतात. यात आमच्या धंद्यातल्यांचा दोष आहे, तो मान्य करतो.

खरी औषधं कंटाळवाणी असतात. अ‍ॅडापलीन बूच बसू देत नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. दाण्याएवढं औषध अख्ख्या मुरमाळ भागावर पसरायचं, फक्त पुटकुळीवर टिकली लावायची नाही. सुरुवातीला कातडी सोलते. तेव्हा एक रात्र आड लावायचं, वर साधं मॉइश्चरायझर. बेंझॉइलने उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, आईला आधीच सांगून ठेवा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. नुसती क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल लावत राहू नये, जिवाणू तिला दाद देईनासे होतात.

गोळ्यांनी मूल होत नाही, हे अर्धवट ऐकलेलं सत्य. आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं गोळीचं औषध गरोदरपणात पोटात गेलं तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून बायकांना ते देण्याआधी गर्भचाचणी करतात, आणि गोळ्या चालू असताना व शेवटच्या गोळीनंतर एक महिना दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायला सांगतात. पण त्याने पुढे मूल होण्याची क्षमता जात नाही. ओठ मात्र फुटतात. खोल, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर याच्या तोडीचं औषध नाही, फक्त ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

आणि लग्न! माझ्याकडे मुरमांसाठी येणाऱ्या कितीतरी बायका तिशी ओलांडलेल्या, दोन लेकरांच्या आया आहेत. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरूम, सोबत पाळी अनियमित, चेहऱ्यावर राठ केस असतील तर पीसीओएस, म्हणजे बायकांमधला हार्मोन्सचा एक बिघाड, तपासायला हवा. नवऱ्याचा त्यात काही संबंध नाही. कपाळावर बारीक पुरळ असेल तर मी विचारतो, "वहिनी, तेल किती चोपडता?" खोबरेल कपाळावर ओघळतं आणि छिद्रं बुजवतं.

मुलाला ट्यूब दिली नाही. जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीला जा म्हटलं. त्याने विचारलं, "बोर्डाच्या फॉर्मवर फोटो लागतो, तोपर्यंत जातील का?"

फॉर्मला दहा दिवस होते. "नाही जाणार," मी म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. चौकातल्या दुसऱ्या मेडिकलकडे त्याने एकदा पाहिलं, आणि सायकल वळवली.