त्या भुतांची नावं काय?

आज सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर मेसेजचा ढीग. भाच्याने सॅक्स ब्रिजचा व्हिडिओ टाकलाय. तीन पांढऱ्या ठिपक्यांभोवती लाल गोल, वर ओळ: 'वीर अजूनही पहारा देताहेत'. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. आत्यांनी तर लिहिलं, "अगं, एखादा नारळ तरी ठेवून यायचा होतात." कसले वीर? कसला पहारा?

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गच्या बाहेर, मार्श क्रीकवर, 1850 च्या दशकातला हा लाकडी पूल आहे. साधारण 100 फूट लांब, दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्यांची जाळी, वर छप्पर. छप्पर भुतांच्या सोयीसाठी नाही, पावसाने जाळी कुजू नये म्हणून. जुलै 1863 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, युनियनचे म्हणजे उत्तरेचे सैनिक यावरून गेटिसबर्गच्या लढाईला गेले आणि हरलेल्या ली यांच्या, म्हणजे दक्षिणेच्या, फौजेचा काही भाग यावरूनच दक्षिणेकडे परतला. दंतकथा अशी की दक्षिणेच्या तीन शिपायांना (कुणी पळपुटे म्हणतं, कुणी हेर) याच पुलाच्या तुळईला लटकवलं.

शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो. भुतांची सहल चालली होती. गाइडच्या हातात कंदील, लोकांच्या हातात कसली कसली लुकलुकणारी यंत्रं. गोष्ट सांगून झाली आणि माझ्या नववीतल्या मुलीने विचारलं, "त्या तिघांची नावं काय होती?" गाइड आवाज खाली आणून म्हणाला, "कुणालाच माहीत नाही. तेच तर गूढ!" सगळे 'ऊऽऽ' करून एकमेकांना चिकटले. भाचा शूटिंग करत होता. ओढ्यावरचं धुकं आणि मोबाइलचा फ्लॅश, झाले ठिपके तयार.

गूढ कसलं डोंबलाचं! नाव नाही, पलटण नाही, तारीख नाही, कागदाचा चिटोरा नाही. आणि आम्ही त्यांना वीर म्हणतो. गुलामी टिकावी म्हणून लढणाऱ्या फौजेतले, हे लिहिताना कुणाचं बोट अडखळलं नाही.

नावं हवीत ना? घ्या. अब्राहम ब्रायन, सेमेटरी रिजवर शेत असलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. ली यांची फौज येतेय म्हटल्यावर बायकोमुलांना घेऊन पळाला. का? कारण ही फौज पेनसिल्व्हेनियात घुसली ती काळी माणसं पकडून दक्षिणेला विकायला नेत होती. त्यात तिथेच जन्मलेले, कधीही गुलाम नसलेले लोकही होते. चेंबर्सबर्गच्या रेचेल कॉर्मनीने जून 1863 मध्ये डायरीत लिहून ठेवलंय, बायका-पोरांना गुरांसारखं हाकत नेलं म्हणून. आणि गेटिसबर्गचीच कृष्णवर्णीय मॅग पाम! लढाईच्या पाच वर्षं आधीच तिला पळवून न्यायला माणसं आली होती. बाई त्यांच्याशी झुंजली आणि सुटली. अशी बाई भूत होऊन आली तर मी नारळच काय, खणासह ओटी भरीन.

पण तिच्या नावाने कंदील घेऊन कोणी फिरवत नाही. पोरगी एवढंच विचारत होती हो, नावं काय!

बेसिल बिग्ज ऐका. लढाईनंतर युनियनच्या हजारो सैनिकांची कुजलेली प्रेतं उकरून राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचं काम या माणसाने आपल्या कृष्णवर्णीय मजुरांना घेऊन केलं. त्याच दफनभूमीत 19 नोव्हेंबर 1863 ला लिंकन यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं. बिग्ज स्वतः मात्र गावातल्या वेगळ्या, काळ्यांच्या लिंकन सिमेट्रीत आहे. अंगावर काटा यायचा असेल तर इथे यावा.

आता म्हणाल, भूत नसतं तर तो पूल कोण बघायला गेलं असतं? बरं, मान्य. 1996 च्या पुरात तो पायावरून निसटला, तेव्हा दुरुस्त करून पुढच्या वर्षी पुन्हा उभा केला. त्या आपुलकीत भुतांचाही थोडा वाटा असेल.

आणि शनिवारवाडा? आत्यांनी तेही विचारलंच. अहो आत्या, 'काका मला वाचवा' म्हणणाऱ्याला नाव आहे. नारायणराव. 30 ऑगस्ट 1773 ही तारीख आहे, मारणारे गारदी ठाऊक आहेत, काकाही ठाऊक आहे. ती किंकाळी ऐकू येवो न येवो, खून खरा आहे. आपलं भूत निदान इतिहासाच्या बाजूने बोलतं.

गाइडवर मात्र आता तेवढा राग नाही राहिला. म्हातारा माणूस होता, सहल संपल्यावर एकटाच यंत्रं गोळा करत होता. मुलीला म्हणालासुद्धा, "तुझ्यासारखं विचारत नाही कोणी." त्याला लोक तीन भुतांचे पैसे देतात, तो तीन भुतं दाखवतो. राग येतो तो आपल्या माणसांचा. अमेरिकेत येऊन घर घेतलं, पोरांना इथे वाढवलं, आणि इथला इतिहास आपल्याला लाल गोल काढून कळतो.

दिवाळीनंतर दादा-वहिनी येताहेत. आधी ब्रायनचं घर, अजून उभं आहे ते. मग लिंकन सिमेट्री. वेळ उरला तर पूल. ठिपके ज्याला हवेत त्याने स्वतःची गाडी काढावी. आणि भाच्या, ती 'वीर' वाली ओळ आज रात्रीपर्यंत काढ, नाहीतर मी ग्रुपवरच सुरू होईन.