अंगण सरळ करून घेण्याचा खर्च

गेली दोन वर्षे मी एक निर्णय घेत आहे. निर्णय घेण्याची क्रिया इतकी लांबवता येते हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. लग्नाचा निर्णय मी पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत घेऊन टाकला होता आणि बशी काही मोठी नव्हती. हा निर्णय मात्र कॅमेऱ्याचा आहे. आवर्ती ठेवीची मुदत संपून साठ हजार रुपये हाती आले आहेत आणि प्रश्न एवढाच आहे की, त्यांत नवी बॉडी, म्हणजे लेन्सवाचूनचा नुसता कॅमेरा, घ्यावी, की आहे त्याच बॉडीला चांगली लेन्स लावावी.

माझा कॅमेरा २०१४ सालचा, १८ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्याबरोबर १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स आल्या होत्या; आकडा जितका मोठा तितके लांबचे जवळ दिसते. दुकानदाराने या जोडीला ‘डबल किट’ म्हटले, तेव्हा एकाच्या पैशांत दोन मिळाल्याचे जे समाधान आपल्या माणसाला होते ते मलाही झाले. वर एक बॅग, एक कार्ड आणि एक तिपाई भेट मिळाली. ती तिपाई सध्या आमच्या गॅलरीत दोडक्याच्या वेलाला आधार देते आणि त्या कामात तिने आजवर हयगय केलेली नाही.

खटला उभा राहिला तो भाच्याच्या लग्नात. मंगलाष्टकांच्या वेळी मामाने वराच्या पाठीमागे उभे राहायचे असते, हे मला मान्य आहे. परंतु पाठीमागून फोटो पाठीचाच येतो, म्हणून मी ते मानाचे स्थान धाकट्या भावाला दिले आणि कॅमेरा घेऊन भटजींच्या शेजारी घुसलो. कार्यालयात दिवे पुष्कळ होते, पण ते सगळे झुंबरात असल्यामुळे छत उजळले होते आणि वधूवरांच्या वाट्याला उरलासुरला प्रकाश आला होता. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि मी ५५ मिलिमीटरवर बटण दाबले. त्या टोकाला माझ्या लेन्सचे छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत ताणला होता, तरीही शटर सेकंदाचा विसावा भाग उघडे राहिले. तेवढ्या वेळात अक्षता बऱ्याच लांब जातात. फोटोत त्यांच्या शेवया झाल्या होत्या, वराच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटले होते आणि हार घालायला पुढे झुकलेल्या वधूची नथ व कर्णफूल मिळून एक सोनेरी रेघ तयार झाली होती. बहिणीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि अतिशय मायेने विचारले, “दादा, छानच आलाय. पण हे कोण आहेत?”

त्या रात्री मी हिशेब केला. एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, ही उफराटी रीत समजायला मला कॅमेरा घेतल्यावर वर्ष लागले होते, पण एकदा समजल्यावर गणित सोपे आहे. ५.६ ला १.८ ने भागावे आणि येणाऱ्या उत्तराचा वर्ग करावा. जवळजवळ दहा येतात. म्हणजे ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स माझ्याकडे असती, तर त्याच झुंबराखाली मला दहापट प्रकाश मिळाला असता, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास गेले असते आणि अक्षता अक्षताच राहिल्या असत्या. ही लेन्स वजनाला १६० ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढी असते आणि किंमत दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे. प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. पण दहा हजारांत सुटणाऱ्या प्रश्नाला साठ हजारांच्या प्रश्नाचा मान नसतो. मी उत्तर बाजूला ठेवले आणि विचार पुढे चालू केला.

पुढे म्हणजे भिगवणला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटरवर, उजनी जलाशयाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. आमच्या सोसायटीत त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. पहाटे चारला निघून आम्ही कुंभारगावच्या काठावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि नावाडी चहा पीत होता. त्याने माझी बॅग पाहिली, ती उघडताना पाहिली आणि बॅगेतून जे निघाले ते पाहून आदराने नजर दुसरीकडे वळवली. होडी काठापासून सुटल्यावर तो म्हणाला, “मागच्या ऐतवारी एक साहेब आले होते. अशी तोफ होती बघा त्यांच्याकडं.” ही ‘अशी’ दाखवण्यासाठी त्याने वल्हे सोडून दोन्ही हात पसरले आणि होडी थोडी कलली.

रोहित उथळ पाण्यात उभे होते. चोच उलटी करून ते पाणी गाळत होते आणि शेकडो जणांच्या पंगतीत असते तशी कुजबुज चालू होती. माझ्या २५० मिलिमीटरमधून ते गुलाबी स्वल्पविरामांसारखे दिसत होते. मी नावाड्याला आणखी जवळ घ्यायला सांगितले. तो म्हणाला, “साहेब, अजून जवळ गेलं की ते उठतात.” म्हणजे पक्षी जवळ आणायचे तर लेन्स लांब हवी, १५०-६०० घ्यावी. दोन किलो वजनाची ती वस्तू हातात धरून डुलत्या होडीत उभे राहायचे तर आधी व्यायामशाळेची वर्गणी भरावी लागेल, हा विचार मी करत होतो, तेवढ्यात पक्षी आमच्यावाचूनच उठले. सगळा थवा एकदम. पंखांखालचा लाल रंग आणि काळी किनार उगवत्या उन्हात अशी काही पेटली की नावाड्यानेही वल्हे थांबवले. मी बटण दाबून धरले. माझा कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढतो आणि फोकस करायला त्याच्याकडे अवघे नऊ बिंदू आहेत. त्या नऊ जणांनी एकमेकांत सल्लामसलत केली आणि एकमताने मागचा बाभळीचा काठ निवडला. बाभळीचा एकेक काटा स्पष्ट आला आहे.

आता पाहा, लग्नाने लेन्सच्या बाजूने साक्ष दिली आणि भिगवणने बॉडीच्या. हल्लीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि पक्षी उडाला तरी त्या डोळ्याला चिकटून राहतात. माझ्या घरात मला स्वतःचा चष्मा शोधून कोणी देत नाही. त्या मानाने ही सोय मोठीच म्हणायची. मी परतीच्या वाटेवर, चौफुल्याला मिसळ खाताना, बॉडीच घ्यायची असे ठरवून टाकले.

पण बॉडी घेणे म्हणजे नुसती बॉडी घेणे नव्हे, हे घरी आल्यावर वाचनात आले. कॅमेऱ्याला लेन्स जिथे अडकते त्या कड्याला माउंट म्हणतात आणि माउंट हे या जगातले गोत्र आहे. आपल्याकडे सोयरीक करताना सगोत्र चालत नाही. इथे सगोत्रच लागते. निकॉनने आपले एफ माउंट १९५९ पासून सहा दशके चालवले. कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणले आणि त्याला जुन्या लेन्स बसेनात, तेव्हा त्या बाळगून असलेल्या लोकांचे डोळे पाणावले. पुढे २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवी माउंट काढली. मधे अडॅप्टर नावाचा मध्यस्थ घालून जुनी लेन्स नव्या बॉडीला लावता येते, पण मध्यस्थाने जमवलेल्या लग्नांविषयी माझे अनुभव संमिश्र आहेत. त्यातून फुल फ्रेमचा, म्हणजे चित्र टिपणाऱ्या मोठ्या सेन्सरचा, मोह धरला तर आणखी निराळे. ३६ बाय २४ मिलिमीटरचा तो सेन्सर माझ्या सेन्सरच्या अडीचपटीहून मोठा आहे, प्रकाशही त्या मानाने जास्त गोळा करतो. पण माझ्या लहान सेन्सरवर जी २५० ची लेन्स ४०० सारखी वागते तिचे प्रतिबिंब त्या मोठ्या सेन्सरला पुरतच नाही. बढती मिळाल्यावर कळावे की गणवेश, बूट आणि बदलीच्या गावातले घर सगळे आपल्याच खर्चाने करायचे आहे, तसा हा प्रकार आहे.

मी मग एक तक्ता केला. डावीकडे बॉडी, उजवीकडे लेन्स. १८ चे २४ मेगापिक्सेल झाले तर फोटोची रुंदी ५१८४ बिंदूंवरून ६००० होते, म्हणजे जेमतेम सोळा टक्के वाढते, असे त्यात लिहिले. बॉडी ही मेथीच्या जुडीसारखी असते, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, आणि लेन्स सोन्यासारखी, किंमत धरून ठेवते, हे जाणकारांचे मत मी त्यात ठळक अक्षरांत नोंदवले आणि बायकोला वाचून दाखवले. ती डाळ निवडत होती. “सोन्यासारखी घेण्यापेक्षा सोनंच घेतलं तर?” एवढेच ती म्हणाली. या मुद्द्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

शिवाय, लेन्स पिढ्यान्‌पिढ्या टिकते असे सांगणाऱ्याने आपला पावसाळा पाहिलेला नसावा. माझ्या १८-५५ च्या आत, पुढच्या काचेच्या मागे, तीन वर्षांपूर्वी कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी उमटली. ती बुरशी होती. तेव्हापासून दोन्ही लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात राहतात. डबा चकल्यांचा आहे. दिवाळीत डब्याचा ताबा मूळ मालकांकडे जातो आणि लेन्स आठवडाभर पिशवीत आश्रिताप्रमाणे काढतात. परत आल्यावर त्यांना महिनाभर तिखटमिठाचा वास येतो. साठ हजारांची लेन्स आणली, तर चकल्या कुठे जातील, हा प्रश्न घरात अजून कोणी मोठ्याने विचारलेला नाही.

माझ्या मेहुण्याने, जो कुठल्याही प्रश्नाला संगणक लावतो, असा सल्ला दिला की आजवरचे सगळे फोटो कोणत्या फोकल लेंग्थवर, म्हणजे किती मिलिमीटरवर, काढले आहेत ते मोजावे, कारण प्रत्येक फोटोच्या पोटात ती नोंद असते. मोजले. बहुसंख्य फोटो एकतर ५५ वर होते किंवा २५० वर, म्हणजे जी लेन्स हाती होती तिच्या शेवटच्या टोकाला. मला सदैव आणखी थोडे पुढे जायचे होते, फक्त पायांनी नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मेहुण्याने त्यावर उच्चारली. म्हण मला मान्य आहे, पण अंगण सरळ करून घ्यायला कोटेशन मागवण्यात काय चूक आहे, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. त्या मोजणीत आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती मी मेहुण्याला सांगितली नाही. निर्णय घेऊ लागल्यापासूनच्या दोन वर्षांत मी एकंदर एकशे एक्केचाळीस फोटो काढले होते आणि त्यातले बावन्न एका विटेच्या भिंतीचे होते. लेन्स कोपऱ्यात धूसर होते का, हे पाहण्यासाठी.

अखेर मागच्या महिन्यात धीर केला. बॉडीच घ्यायची आणि त्यासाठी जुनी आधी विकायची. कॅमेऱ्याला स्वतःचा फोटो काढता येत नाही, म्हणून मोबाइलने काढला. तो इतका सुरेख आला की जाहिरात टाकताना हात थोडा थांबला. दोनच दिवसांनी पलीकडच्या इमारतीतला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. त्याच्याकडे मामाने दिलेली, माझ्याच गोत्रातली २००८ ची बॉडी होती, दहा मेगापिक्सेलची, आणि तिला एकच किट लेन्स. तो माझी बॉडी न्यायला आला होता. पैसे पाकिटात मोजून आणले होते.

“काका, एवढंच विचारायचं होतं,” खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, “बॉडी बदलून खरंच फरक पडतो का?”

दोन वर्षांचा अभ्यास वाया जात असताना कोणी असा प्रश्न विचारला, तर माणूस स्वतःला कसा आवरणार? मी त्याला तक्ता दाखवला. ५.६ ला १.८ ने भागून दाखवले, मेथीची जुडी सांगितली, गोत्र सांगितले, दहा मेगापिक्सेलमधून भिंतभर मोठा फोटो कसा छापता येतो ते सांगितले. स्वयंपाकघरातून दोनदा चहा आला आणि तिसऱ्यांदा नुसती खाकरणी आली. दीड तासाने तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ज्ञान झाल्याचे तेज होते. “पटलं काका,” तो म्हणाला. “बॉडी नकोच मग. ही ५५-२५० देता का?” स्वतःच्या व्याख्यानाच्या विरोधात बोलणे मला शक्य नव्हते. पाच हजारांना लेन्स गेली. जाताना त्याने तिचा वास घेतला, पण विचारले काही नाही.

पुढच्या रविवारी त्याने पाषाण तलावावरून मोबाइलवर फोटो पाठवला. तारेवर खंड्या बसला होता, चोचीत नुकताच धरलेला टोळ, पंखांची निळाई धुऊन काढल्यासारखी आणि डोळ्यात सूर्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. खाली लिहिले होते, “काका, तुमचं बरोबर होतं.” दहा मेगापिक्सेल, सोळा वर्षांची बॉडी आणि माझी चकलीच्या वासाची लेन्स. गेल्या दहा वर्षांत असा एक फोटो मला मिळालेला नाही.

मी तो मोठा करून पाहिला. आणखी मोठा करून पाहिला. चष्मा पुसून, संगणकावर घेऊन, दोनशे टक्क्यांवर नेऊन पाहिला. अर्ध्या तासाने शेपटीखालच्या सावलीत काही दाणे सापडले, चांगले रव्यासारखे. मी त्याला ताबडतोब कळवले की फोटो उत्तम आहे, परंतु आता बॉडी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि सुदैवाने माझ्या माहितीत एक आहे.