धाडी घाला, पण सुयांचं काय?

नवी मुंबईच्या तुर्भ्यातली पोरं ब्राउन शुगर (हलक्या प्रतीचं हेरॉइन) सुईने टोचून घेतात, त्यावर आलेला लेख वाचला. त्यात उपाय एकच सांगितलाय: पोलिसांच्या धाडी. पोलीस दिसले की ही पोरं पुलाखाली पांगतात आणि एका सुईवर चौघं भागवतात. एचआयव्ही पसरतो तो तिथेच, सोबत हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृताचा संसर्ग. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ नुसार संसर्ग टाळायला स्वच्छ सुया देणं हा गुन्हा नाही. दुसरा उपाय म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, हेरॉइनऐवजी देतात ते औषध. उपचार केंद्रात त्याची गोळी जिभेखाली, रोज समोर बसवून देतात. ब्राउन शुगरची तलफ आवरते, सुई सुटायला मदत होते. लेखात याचा उल्लेखही नाही. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि एआरटीची (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी) औषधं फुकट मिळतात. संसर्गाची शंका असेल तर घरच्यांनी आधी १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावावा.