भूत नाही, माणसाचा आवाज

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगातल्या भुतांवरचा लेख वाचला. १८२९ साली सुरू झालेला, १९७१ साली बंद पडलेला हा तुरुंग. कैद्याला एकट्याला कोंडून ठेवायचं, म्हणजे त्याला पश्चात्ताप होईल, अशी त्यामागची कल्पना. वर्षानुवर्षं माणसाचं तोंड न बघता राहायचं! तिथं आज पावलं वाजल्याचा भास होतो, यात नवल ते काय?

माझे बाबा नागपूरच्या जेलमध्ये शिपाई होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे, तर अंगणातल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. आम्ही पोरं फाशी यार्डातल्या भुतांबद्दल विचारून भंडावून सोडायचो. एकदाच बोलले, "भूतबित काही नाही रे. रात्री कोणी रडलं ना, तर तो आवाज भिंतीभिंतीतून फिरत येतो. कुठून आला, तेच कळत नाही."

याच जेलमध्ये १९४३ साली स्वातंत्र्यसैनिक शंकर महाले ऐन तारुण्यात फासावर गेले. बाबा त्यांचं नाव घेताना टोपी काढायचे.

लेखकांना मनापासून विनंती, पुढच्या भागात ईस्टर्न स्टेटमधल्या दोन-चार कैद्यांबद्दलही लिहा. कोण होते, कशासाठी आत गेले, घरी कोण वाट बघत होतं.