एका शेताचे दोन सातबारे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काल माझी शोभा झाली. वाटणीच्या दाव्यातली 42 कागदपत्रे वकिलांना सीडीवरच हवी होती, म्हणून घरच्या संगणकावर, जो विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो, प्रत्येक फाइलला मराठीत सविस्तर नाव देऊन मी सीडी तयार केली होती. दुकानातल्या विंडोजला मात्र तिच्यात अधोरेषांची रांग आणि शेपटाला 000, 001 असे आकडे एवढेच दिसले.

"काका, तुमच्या फायलींना नावंच न्हाईत," दुकानातला पोरगा म्हणाला.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन येणारे एक मामा आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला थांबले होते. कुणी विचारलेले नसताना त्यांनी सीडी मागून घेतली, खांद्यावरच्या टॉवेलने खसाखसा पुसली, उजेडात धरून न्याहाळली आणि "आता लावा" असा हुकूम सोडला. अधोरेषा जागच्या हलल्या नाहीत.

मग मामांना समजावण्याचा मूर्खपणा मी केला. सीडीवर फाइली कशा नोंदवायच्या यासाठी 1988 साली ठरलेल्या आयएसओ 9660 या मानकाच्या पहिल्या पातळीवर नावाला आठ आणि पुढच्या शेपटाला तीन एवढीच अक्षरे मिळतात, तीही इंग्रजी मोठी अक्षरे, आकडे आणि अधोरेषा यांतलीच. लांब नावांसाठी युनिक्सवाल्यांनी, म्हणजे लिनक्सच्याच भाऊबंदांनी, त्याच चकतीवर रॉक रिज नावाची आपली नोंद ठेवली आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 च्या सुमारास जोलिएट नावाची वेगळी, हे मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितले.

"म्हंजे शेत एक आन् सातबारं दोन?" मामा म्हणाले. "आन् ह्यो तलाठी त्या तलाठ्याचा उतारा बघत न्हाई?"

"लिनक्स दोन्ही बघतो. विंडोज फक्त जोलिएट बघतो."

"मग तुमी दोन्हीकडं नोंद का केली न्हाई वो?"

दुकानातले सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. जोलिएटचा पर्याय द्यायला मी विसरलो होतो, हे खरे. पण नावे त्याच चकतीवर धडधडीत लिहिलेली असताना ती न वाचणाऱ्याला कोणी काही बोलत नाही आणि झाडाझडती माझी होते, हे मला अजूनही पटलेले नाही. पोराने सीडी "चेक केल्याचे" दहा रुपयेही घेतले.

रात्री जोलिएटसह पुन्हा सीडी करायला बसलो, तर तीन फाइलींचे नाव एकच येते म्हणून संगणक अडून बसला. जोलिएट 64 अक्षरे देते, परंतु मराठीतला काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येकी एकेक अक्षर म्हणून मोजले जातात. त्यामुळे आजोबांचे संपूर्ण नाव, गाव आणि गट क्रमांक लिहिता लिहिताच कोटा संपला होता आणि शेवटचा पान क्रमांक तिन्ही ठिकाणी कापला गेला होता. मी निमूटपणे 'आजोबा 1', 'आजोबा 2' असे करून टाकले.

आज सकाळी वकिलांचा फोन आला: कोणाचे आजोबा? भाऊबंदकीच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे आजोबा एकच असतात, हे त्यांना मी आता काय सांगायचे?